इस्त्रीबाईचा उतार

पडदा वर जातो तेव्हा समोर एक उतार दिसतो, आणि तो हिरवागार आहे. इतका हिरवा, की बघणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकावी. पायथ्याशी घरांची एक रांग. घरांच्या मागच्या दारांवर कमरेएवढ्या उंचीवर राखाडी रेघ उमटलेली, पुराचं पाणी ओसरल्यावर राहते तशी. उजवीकडे पत्र्याची शेड, तिच्यात खुंट्यांची पोती, काथ्याच्या जाळ्यांचे गुंडाळे, पाण्याचं पिंप. डावीकडून एक शेळी प्रवेश करते. शेळी पांढरी आहे, पण तिचं तोंड हिरवं, गुडघे हिरवे, हनुवटीखालची दाढीसुद्धा हिरवी. ती मधोमध येते, थांबते आणि शिंकते.

मग विंगेतून आवाज येतो.

"धाकटेऽ! बाहेर ये आधी! तुझ्या त्या गवतानं माझ्या शेळीचं काय करून ठेवलंय बघ!"

हा आवाज ताईचा. रांगेतलं शेवटचं घर तिचं, उताराच्या अगदी पायाशी. आणि जिला ती धाकटी म्हणते आहे ती तिची सख्खी बहीण, पन्नाशी कधीच ओलांडलेली, जिला तोंडावर सगळे काकू म्हणत आणि पाठीमागे इस्त्रीबाई. ती शेडमधून बाहेर आली ती बाह्या वर सारतच. भांडायचं असलं की ती आधी बाह्या वर सारायची, आणि भांडायचं नसलं असा दिवस तिच्या आयुष्यात फारसा उगवला नाही.

"माझ्या गवतानं? माझ्या गवताला तोंड लावायला तुझी शेळी वर गेलीच कशी? दोर सोडलास ना? सांगितलं होतं की नाही, उतारावर जनावर नको म्हणून?"

"अगं, तोंड लावलं तिनं, पण खाल्लं नाही! थू करून परत आली. रंग आहे तो नुसता!"

"रंग नाही. फवारा आहे. त्यात बी असतं."

"मग बी शेळीच्या दाढीत उगवेल आता," ताई म्हणाली. "रोज पाणी घालते."

इथं शेडमध्ये तिच्या हाताखाली काम करणाऱ्या बायका हसल्या, आणि इस्त्रीबाईनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की हसू घशातच विझलं.

तिला हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं. डोंगरामागची खाण चालू होती तेव्हा खाणीचं एक विश्रामगृह होतं. मोठे साहेब येत, दोन रात्री राहत, जात. त्यांचे बिछाने घालायचं काम हिचं. चादर अशी घालायची, की झोपणाऱ्याला आधी तिची माफी मागावीशी वाटे. चारी कोपरे आवळलेले, मध्ये एक सुरकुती नाही. एका साहेबानं सकाळी कबूल केलं होतं, की तो रात्रभर खुर्चीत बसून होता, बिछाना मोडायचा धीरच झाला नाही. "ही बाई आहे का इस्त्री?" असं तोच म्हणाला, आणि नाव चिकटलं. गरम तर ती जन्मापासूनच होती.

पण तिचा राग कंजूष नव्हता. शेजारणीला ताप आला तर "पावसात भिजायला कुणी सांगितलं होतं, शहाणे!" असं ओरडत ही तिच्या कपाळावर ओली घडी ठेवायची, ओरडत तिची भांडी घासायची, ओरडत तिच्या पोरांची वेणीफणी करून त्यांना शाळेत धाडायची. मऊ बोलणारी माणसं मऊ बोलून आपापल्या घरी निघून जातात. हिचा आवाज ज्या घरात चढला, त्या घरातलं काम झालेलं असायचं.

खाणीत दगड दळायचे, धुवायचे, त्यातलं कामाचं काढून घ्यायचे, आणि उरलेला राखाडी गाळ पाण्यासकट बांध घालून वर साठवायचे. त्याला सगळे गाळतळं म्हणत. उन्हाळ्यात त्याची पूड उडून खालच्या घरांतल्या उशांवर, पाण्यावर, बाळांच्या पापण्यांवर बसे. पावसाळ्यात ते झिरपत राही. आणि एका वर्षी भर दुपारी बांधाची एक कड ढासळली आणि गाळ खाली आला. आवाज न करता आला. ताईच्या मागच्या दारातून तो आत शिरला तो पाहुण्यासारखा नाही, घरमालकासारखा. चूल, ट्रंक, गादी, सगळ्यांवर बसला आणि उठेना. ताईनं तो परातीनं खरवडून काढला. तिच्या बोटांची सालं निघाली. ती गादी दोघींच्या आईनं भरलेली होती, लहानपणी दोघी तिच्यावर पाय आपटून भांडल्या होत्या. ती फेकावी लागली. त्या दिवसापासून ताईनं पलंगाच्या चारी पायांखाली विटा लावल्या, थरावर थर, आणि रात्री ती त्या उंच पलंगावर चढून झोपायची, मचाणावर चढल्यासारखी.

"काढ त्या विटा," इस्त्रीबाई म्हणायची. "पडून कंबर मोडून घेशील."

"काढीन. तुझा तो डोंगर गप्प बसला की काढीन."

पुढं खाण संपली. कंपनीनं जाताना फाटकावर आभाराची पाटी लावली, ती पाटी अजून आहे, कुणी तिच्यावर शेण फेकलं तेही अजून आहे. पण नियम असा होता, की गाळतळं सुकवून, त्यावर चांगली माती पसरून, गवत-झाडं लावून उतार धरून दाखवायचा. तपासणी होऊन तो पास होईपर्यंत जबाबदारी कंपनीची. एकदा पास झाला, की कंपनी मोकळी, आणि मग वरून जे काही खाली येईल ते खाली राहणाऱ्यांचं.

उतार धरण्याचा ठेका मिळाला तो ताईच्याच मुलाला. भाचा लहानपणी मावशीच्या ओरडण्यावर वाढलेला. बुटाची नाडी बांधायला, नाक शिंकरायला, पाढे म्हणायला, सगळं तिनं त्याला धपाटे घालून शिकवलेलं. आता तो शहरात राहत होता आणि गाडीतून येत होता.

"मावशी, बायका तुझं ऐकतात. तू मुकादम हो."

"ऐकतात म्हणजे? घाबरतात."

"तेच म्हणतो मी."

ती झाली, पण भाच्यासाठी नाही. ताईच्या विटांसाठी झाली.

पहिल्या वर्षी तपासणी खात्याची एक तरुण बाई काम शिकवायला आली. तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरे, म्हणून बायकांनी तिला चष्मेवाली करून टाकलं. तिनं बी कसं पेरायचं ते दाखवलं, उताराच्या माथ्यावर चर खणून जाळीची कड कशी गाडायची ते दाखवलं, आणि मग काथ्याची जाळी उतारावर सोडून दिली. ती जिथं खड्डा तिथं खड्ड्यात बसली, जिथं उंचवटा तिथं चढली, सगळीकडे चुण्या पडल्या.

"अशी सैल टाकायची," ती म्हणाली. "जाळी मातीला टेकली पाहिजे. मग पाणी तिच्यावर अडतं, माती राहते, मूळ धरतं."

इस्त्रीबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "हे काय अंथरूण झालं? कुत्रं लोळून गेल्यासारखं?"

"काकू, हे अंथरूण नाहीच. सुरकुत्या राहू देत."

"तुझ्या घरी ठेव सुरकुत्या. माझ्या हाताखाली राहायच्या नाहीत."

"पण ताणली तर खड्ड्यांवर अधांतरी राहील, काकू. खालून पाणी..."

"मला अंथरायला शिकवतेस? तू पाळण्यात होतीस तेव्हापासून अंथरतेय मी! जा, तुझा चष्मा सांभाळ आधी."

बायका फिदीफिदी हसल्या. पोरीचे कान लाल झाले. तिच्याकडे असे कितीतरी उतार होते, ती दुसरीकडे गेली आणि पुन्हा फिरकली नाही. आणि इकडे इस्त्रीबाईनं जाळ्या ओढायला घेतल्या. चार बायका खाली, दोघी वर, आणि ती मध्ये उभी राहून ओरडतेय, "ओढ! अजून! ती चुणी दिसतेय मला! डावरे, तुझ्या हातात काय लोणी आहे का?" डावरी म्हणजे तिच्या टोळीतली डावखुरी बाई. तिची नखं त्या काथ्यानं तुटली, पण जाळी बसली. नगाऱ्यावर कातडं बसावं तशी बसली. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. कंपनीच्या माणसांनी येऊन फोटो काढले. लोक म्हणू लागले, इस्त्रीबाईचा उतार. तिला आनंद झाला. आनंद झाला की ती थोडं हळू ओरडे, एवढंच.

गवत मात्र कुठं आलं, कुठं आलंच नाही. तिनं चिमण्यांना शिव्या दिल्या, बियाण्याला दिल्या, बियाणं आणणाऱ्या भाच्याला दिल्या. आपल्या हाताला दिल्या नाहीत. ते तिच्या मनातच आलं नाही.

तपासणी जवळ आली तसा भाचा एक टाकी बसवलेला ट्रक घेऊन आला. बी, लगदा, डिंक आणि हिरवा रंग घुसळून त्याची माणसं पाइपानं उतारावर उडवू लागली.

"रंग कशाला रे?"

"कुठं मारलं, कुठं राहिलं ते कळावं म्हणून, मावशी. सगळीकडे असाच असतो."

"मग मारलेल्यावर पुन्हा का मारतोस?"

त्यानं पाइपवाल्याला पुढं सरकायची खूण केली. "नीट दिसावं म्हणून."

नाटकात पडद्यावर हिरवं रान रंगवतात. प्रेक्षक ते रान मानतात, कारण त्यांनी तसं ठरवून तिकीट काढलेलं असतं, आणि खेळ संपला की ते आपापल्या घरी जातात. त्या उताराखालच्या माणसांनी तिकीट काढलं नव्हतं. त्यांची घरंच पहिल्या रांगेत होती. त्यांच्या डोक्यावर रान रंगवणाऱ्या हाताला लाज नसते.

तर तपासणीच्या आदल्या दिवशी शेळी हिरवी होऊन आली, आणि ताई म्हणाली, रंग आहे तो नुसता.

ताई शेळीला ओढत घरी गेल्यावर इस्त्रीबाई एकटीच उतार चढली. ऊन डोक्यावर होतं. मधल्या भागात, जिथं बांधाची ती जुनी कड होती, तिथं तिनं गुडघे टेकले, एक खुंटी उपटली आणि जाळीखाली हात घातला. हाताला माती लागेना. कोपरापर्यंत घातला. लागेना. तिनं गाल जाळीवर टेकला, खांद्यापर्यंत हात आत सारला, तेव्हा बोटांना गार, भुसभुशीत, ओला गाळ लागला. तिला तो ओळखू आला. ताईच्या परातीत तिनं तो हातानं उचललेला होता.

तिनं जाळी थोडी फाकवून आत पाहिलं. आत एक घळ होती. पाण्यानं गुपचूप, सावलीत बसून कापलेली. चांगली माती केव्हाच वाहून गेलेली, खालचा राखाडी गाळ उघडा पडलेला. आणि जाळीच्या खालच्या बाजूला गवताचे कोंब लटकत होते, पांढरे, बारीक, मुळं हवेत लोंबकळलेली. बी रुजलं होतं. रुजून जमीन शोधत मेलं होतं.

 दोष चिमण्यांचा नव्हता, बियाण्याचाही नव्हता. तिच्या कानांत त्या पोरीचं अर्धं तोडलेलं वाक्य वाजत होतं. खालून पाणी.

ती उतरली ती तरातरा, थेट शेडमधल्या भाच्याकडे.

"वर चल."

"मावशी, उद्याच्या खुर्च्या..."

"वर चल म्हणते ना!"

त्यानं वर येऊन हात घातला, काढला, रुमालाला पुसला. "हं. थोडं पोकळ आहे."

"थोडं? माझा खांदा गेला आत!"

"उद्या पास होऊ दे. मग बघू."

"मग कोण बघणार? पास झालं की कंपनी गेली, तू गेलास, ही शेड गेली. बघायला उरलं कोण? ती शेळी?"

"आईला मी माझ्याकडे नेतो."

"दर वर्षी नेतोस! नेऊन नेऊन दमलास बिचारा! अरे, तुझी आई मचाणावर झोपते, मचाणावर! रंग मारताना तिची कौलं दिसत नव्हती तुला?"

"ती येत नाही तर मी काय करू?" आता तोही पेटला. त्याच मावशीच्या हाताखाली वाढलेला तो. "आणि मावशी, ओढली कोणी? मी? मी तर जाळीला हातही लावला नाही. तुझ्या बायकांनी ओढली, तुझ्या ओरडण्यावर. उद्या तू ही उचललीस तर माझा ठेका जाईल, जाऊ दे. पण नाव कुणाचं जाईल? सगळे ह्याला कुणाचा उतार म्हणतात?"

इस्त्रीबाईनं उपटलेली खुंटी टाचेनं पुन्हा आत दाबली आणि ती खाली उतरली. 

संध्याकाळी ती ताईकडे गेली. ताई दारात बसून ओल्या फडक्यानं शेळीची दाढी पुसत होती.

"आलीस? आणि गप्प का? ताप आहे का अंगात?"

"काही नाही."

"वर सगळं नीट आहे ना गं?"

"नीट आहे ना म्हणजे?" आवाज आपोआप चढला. "मी केलंय ते! मी!"

"हो बाई, तूच केलंयस. म्हणून तर विचारते. उद्या पास होणार म्हणतात." ताईनं फडकं पिळलं. "मग उद्या संध्याकाळी काढते त्या विटा. चढताना गुडघा धरतो आता. तू म्हणतेस तर आहेच नीट."

इस्त्रीबाईनं आत पाहिलं. पलंग विटांवर उभा होता, खाली मोकळी जागा, मागच्या भिंतीवर ती रेघ. ती चहा न घेता उठली. ताई मागून ओरडली, "अगं, आधण टाकलंय!" पण ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी माथ्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. कंपनीचा टोपीवाला साहेब आला, त्याच्यामागे फोटो काढणारा. आणि तपासणीला कोण आलं, तर चष्मेवाली. आता खात्यातली वरची अधिकारी झालेली. चष्मा मात्र तसाच घसरत होता.

"काकू, ओळखलंत?"

"ओळखलं."

"दिसतंय छान," ती म्हणाली, पण तिनं खुर्चीला हात लावला नाही. वाकून, बोटं खुपसून बघू लागली. काम येणारी बाई होती ती. भाचा तिला कडेकडेनं नेत होता, जिथं जमीन सपाट होती आणि जाळी नाइलाजानं का होईना टेकली होती. तिथं गवत धरलेलं होतं. तिनं एक रोप ओढून पाहिलं, आलं नाही. तिनं मान हलवली.

"आणि मधला भाग?"

"तिथं नुकतं फवारलंय, मॅडम. पाय घसरतो," भाचा म्हणाला. "तिथं उतरायचं तर दोर लावायला लागतील."

"पुढच्या ठिकाणालाही उशीर होतोय," टोपीवाला म्हणाला.

चष्मेवालीनं उताराकडे पाहिलं. मग इस्त्रीबाईकडे. "काकू, मध्येही असंच आहे ना? तुम्ही सांगा. मग मी दोर मागवत नाही."

नुसतं हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. भाचा जमिनीकडे बघत होता. टोळीतल्या बायका आपल्या मुकादमाकडे बघत होत्या. आणि खाली, शेवटच्या घराच्या दारात, ताई हातानं ऊन अडवून वर बघत होती.

इस्त्रीबाईनं बाह्या वर सारल्या.

"मला काय विचारतेस!" ती कडाडली. "तुझ्या खात्यानं डोळे दिलेत ना तुला? मी सांगितलं म्हणून मान डोलावणार? मी सांगितलं म्हणून एकदा परत गेलीस ना, तेवढं पुरे!"

तिनं कंबरेचा विळा काढला आणि उतारावर पाय टाकला. घोट्यापर्यंत हिरवी झाली. मधल्या भागाशी जाऊन तिनं जाळीची वरची कड धरली आणि विळा चालवला. ताणलेली जाळी ती. पहिले काही धागे तुटले आणि बाकीची आपणहून फाटत गेली, खुंट्या उडाल्या, आणि ती सगळी हिरवी चादर सर्रकन खाली आक्रसून गोळा झाली. मागे उरली घळ. माणूस आडवा मावेल एवढी. राखाडी, ओली, आणि तिचं तोंड सरळ शेवटच्या घराकडे.

 फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"का? थांबलास का?" इस्त्रीबाई त्याच्यावर उलटली. "काढ की! मागच्या खेपेला किती काढलेस! आणि तुम्ही, टोपीवाले! उभं राहून वा वा केलंत, एकानं तरी खाली हात घातला का? आमच्या घरात गाळ आला तेव्हा कुठं होती ही टोपी?" मग ती चष्मेवालीकडे वळली, आणि आवाज तसाच राहिला, फक्त आतून चिरला. "तू सांगितलं होतंस सैल टाका. मी तुला हाकललं. मला सुरकुती नको होती. ह्यानं रंग मारला, तो ह्याच्या डोक्यावर. पण हे भोक माझं आहे. मी ओढली. नाव घाल माझं."

"आम्ही ओढली गं!" डावरी मागून रडकुंडीला येऊन ओरडली. "आमची नखं गेली ओढून ओढून!"

"मग ओढलीत कशाला, मूर्खांनो?"

"तू ओरडत होतीस म्हणून!"



चष्मेवाली घळीच्या काठाशी बसली होती. ती उठली तेव्हा तिचाही चेहरा रागानं लाल होता. "उतार पास नाही," ती टोपीवाल्याला म्हणाली. "आणि काकू, माझंही काम होतं परत यायचं. मी रुसून बसले. एवढी मोठी बाई मी, चष्म्यावरून रुसले!"

भाचा खुर्च्या उलट्या करत होता, एकावर एक आपटत. मावशी जवळून गेली तेव्हा तो वर न बघता म्हणाला, "बरं केलंस. आता माझ्या दारात येऊ नकोस."

"तुझ्या दारात येतं कोण! आपल्या आईच्या दारात तू ये आधी!"

संध्याकाळी ती ताईच्या ओट्यावर येऊन बसली. ताईनं सगळं वरून खालपर्यंत पाहिलेलं होतं. तिनं न विचारता चहा आणून ठेवला.

"विटा राहू देत मग?"

"राहू देत. आणि मला दोन शिव्या दे."

"मी कशाला देऊ? तुझ्याकडेच इतक्या आहेत, त्यातल्या घे."

कंपनीला दुसरा ठेकेदार नेमावा लागला, आणि त्याच टोळीनं काम पुन्हा सुरू केलं. घळीत दगड भरले, काटक्यांच्या मोळ्या आडव्या ठोकल्या, माती आणली. उताराला आडव्या ओळी धरून वाळा लावला, कारण त्याची मुळं सरळ खाली जातात. जाळ्या सोडल्या त्या सैल. इस्त्रीबाईला ते बघवेना. पहिली जाळी पडली तेव्हा ती पाठ करून उभी राहिली, आणि तिची बोटं आपोआप कोपरे शोधत होती. पण ओरडणं तिनं सोडलं नाही, फक्त उलटं केलं.

"सैल! अजून सैल! कुणी ओढली ती? डावरे, हात तोडीन! टेकू दे खाली! खड्डा आहे तर खड्ड्यात जाऊ दे!"

"आधी ओढ म्हणतेस, मग सोड म्हणतेस," डावरी कुरकुरायची. "नवऱ्यापेक्षा वाईट."

चष्मेवाली दर काही दिवसांनी यायची. दोघी उतारावर गुडघे टेकून हात घालायच्या आणि भांडायच्या. गवत आलं ते झुबक्याझुबक्यांनी, कुठं पिवळं, कुठं तपकिरी, उतार कसा खरजेच्या कुत्र्यासारखा दिसायचा. फोटो काढायला कुणी आलं नाही. त्या पावसाळ्यात मोठा पाऊस झाला त्या दिवशी ताई खराटा आणि परात घेऊन मागच्या दारात उभी राहिली आणि इस्त्रीबाई तिच्याशेजारी. उतारावरून येणाऱ्या पन्हळीतून पाणी आलं. जरासं गढूळ, तांबूस, साध्या मातीचं. राखाडी नव्हतं.

"वेड्यासारखी परात घेऊन उभी आहे मी," ताई म्हणाली.

"तर! आत जा. भिजलीस तर मीच निस्तरायचंय."

विटा काढल्या त्या पुढं, उतार खरोखर पास झाल्यावर. इस्त्रीबाईनं पलंग एका बाजूनं उचलून धरला आणि ताईनं एकेक ओढली, आणि विटा ठेवायच्या कुठं ह्यावरून दोघी तिन्हीसांजेपर्यंत भांडल्या. शेवटी त्या शेळीच्या गव्हाणीखाली गेल्या.

भाचा मावशीशी बोलला नाही. सणासुदीला नाही, ताई गेली तेव्हाही नाही. तेव्हा तो आला, आईला खांदा दिला, आणि निघताना एकदा मागच्या दारातून बाहेर पडून उताराकडे बघत कितीतरी वेळ उभा राहिला. मावशीनं ते पाहिलं. तिनंही हाक मारली नाही. राग दोघांचा एकाच कारखान्यातला, लवकर गंजणारा नव्हता.

इस्त्रीबाई दवाखान्यात पडली तेव्हा डावरी रोज यायची, चष्मेवाली येऊन गेली. परिचारिकांना तिनं पहिल्याच दिवशी रडवलं, दुसऱ्या दिवसापासून त्या आपसांत पैज लावून तिच्या खोलीत येऊ लागल्या. शेवटी बोलणं कमी झालं, डोळे मिटलेले असायचे. अशाच एका सकाळी भाचा दारात येऊन उभा राहिला. केस पिकलेला, हात रिकामे. परिचारिका चादर बदलत होती. तो पुढं झाला, त्यानं चादरीचं दुसरं टोक धरलं आणि तिला हळूच म्हणाला, "घट्ट ओढा. मावशीला सुरकुती चालत नाही." आणि त्यानं आपला कोपरा सगळा जोर लावून ओढला.

इस्त्रीबाईनं डोळे उघडले. तिनं त्याला ओळखलं, कारण भुवया चढल्या. बाह्या सारायला हात उचलला, तो उचलला गेला नाही. आवाज मात्र चढला, बाहेरच्या बाकावर बसलेल्या डावरीला ऐकू जाण्याइतका.

"ओढतोस काय, गाढवा! सैल सोड. खाली टेकू दे."